ओवी, आवाज आणि नोंद : एका आंतरराष्ट्रीय सहकार्याचा विचार

बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. मराठी छंदांच्या आणि लोकसाहित्याच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. ओवीची प्राचीनता सिद्ध करण्यासाठी तो नेहमी दिला जातो. परंतु त्यातील दुसऱ्या एका गोष्टीकडे फारसे लक्ष दिले जात नाही. गाणे, ते गाणारी स्त्री आणि गाताना तिच्या हातून चाललेले काम या तीन बाबी त्या उल्लेखात एकत्र आलेल्या आहेत. पुढे ओवी संग्रहात आली, पुस्तकात छापली गेली, अभ्यासक्रमात नेमली गेली. या प्रवासात तिच्यासोबत शब्द आले. बाई आणि काम मात्र मागे राहिले.

ही फारकत कशी झाली आणि ती भरून काढण्यासाठी विसाव्या शतकाच्या अखेरीस कोणता प्रयत्न झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हा प्रयत्न म्हणजे पुण्यातून चाललेला जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनाचा प्रकल्प होय. त्यात तत्त्वज्ञान व समाजशास्त्र यांचा अभ्यासक, सामाजिक कार्यकर्ती, संगणक-संगीतशास्त्राचा अभियंता, संग्रहपाल, भाषांतरकार आणि डोंगरी गावांतील कष्टकरी स्त्रिया यांनी आपापले कौशल्य एकत्र आणले. त्यांतील काही जण भारतातील होते, तर काही फ्रान्समधून आलेले. भिन्न व्यवसायांच्या व भिन्न देशांच्या माणसांनी एकत्र काम केल्याने ज्ञानात नेमकी कोणती भर पडते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हे उदाहरण विशेष उपयुक्त आहे.

१. पूर्वपीठिका

मराठीत ओव्यांच्या संकलनाची परंपरा समृद्ध आहे. काका कालेलकर व वामन चोरघडे यांचे ‘साहित्याचे मूलधन’, साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’, पुढे सरोजिनी बाबर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीने प्रसिद्ध केलेले अनेक खंड, अशी ही परंपरा आहे. दुर्गा भागवत यांनी ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ लिहून या क्षेत्राला शास्त्रीय बैठक देण्याचा प्रयत्न केला. या सर्वांच्या परिश्रमांमुळेच जात्यावरच्या ओवीला मराठी साहित्यविचारात प्रतिष्ठा लाभली, हे निर्विवाद आहे.

तथापि या संग्रहांमागील दृष्टी मुख्यतः साहित्याची होती. अक्षरओळख नसलेल्या स्त्रीच्या मुखातही उत्तम काव्य वसते, हे सुशिक्षित वाचकाला पटवून देणे हा त्यांचा हेतू होता. त्यामुळे निवड करताना सरस ओव्या घ्याव्यात, पाठभेद असल्यास त्यांतला नेटका पाठ स्वीकारावा आणि विषयवार मांडणी करावी, ही रीत स्वाभाविकच रूढ झाली. माहेर, सासर, भाऊ, बाळ, सण, देव अशा शीर्षकांखाली ओव्या मांडल्या जात. प्रत्येक ओवीपाशी ती सांगणाऱ्या बाईचे नाव, गाव, वय वा जात नोंदविण्याची पद्धत रुळलेली नव्हती. ओवी ही समूहाची निर्मिती आहे, या कल्पनेने तशी नोंद अनावश्यकही ठरविली होती. परिणामी वाचकासमोर आली ती एक सर्वसाधारण ‘मराठी स्त्री’. ती कोणत्या खोऱ्यात राहते, कोणाच्या शेतावर राबते, गावात तिची पाण्याची जागा कोणती, हे प्रश्न पुस्तकाबाहेर राहिले.

हा त्या संग्राहकांचा दोष नव्हे. त्यांनी स्वतःच्या विद्येला सुचणारे प्रश्न विचारले. दुसरे प्रश्न विचारण्यासाठी दुसऱ्या विद्येतून आलेला माणूस लागतो.

२. प्रकल्पाची घडण

गी पॉयट्व्हँ हे मूळचे फ्रान्सचे. तत्त्वज्ञानाचे अध्ययन-अध्यापन करून ते १९७०च्या दशकात पुण्यात आले, येथेच स्थायिक झाले आणि भारताचे नागरिक बनले. हेमा राईरकर या पुण्यातील सामाजिक कार्यकर्त्या व संशोधक होत्या. दोघांनी मिळून पुण्यात सामाजिक शास्त्रांतील सहकारी संशोधनाचे एक केंद्र उभारले. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात, विशेषतः मुळशी व लगतच्या तालुक्यांत, गरीब डोंगरी संघटनेच्या कामाशी ते जोडलेले होते. या कामातूनच ओव्यांकडे लक्ष गेले. गावातील बैठकांत बायका गप्प बसत. परंतु जात्यावर बसल्या की त्याच बायका सासर, नवरा, दारिद्र्य, लेकीचा जन्म यांविषयी मोकळेपणाने आणि नेमकेपणाने बोलत. ज्यांना समाजातील स्त्रियांचे म्हणणे समजून घ्यावयाचे होते, त्यांना ते म्हणणे गाण्याच्या रूपात अगोदरच तयार असल्याचे आढळले.

येथे एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. प्रकल्पाचा आरंभ साहित्याच्या जिज्ञासेतून झाला नाही. तो सामाजिक कार्यातून झाला. म्हणून सुंदर ओव्या निवडण्याचा प्रश्न उद्भवला नाही. जी बाई जे सांगेल ते सर्व, तिच्या बोलीत, तिच्या नावानिशी लिहून घेणे ही पद्धत पडली. संकलनाच्या कामात संघटनेतील गावोगावच्या स्त्रियाच पुढे झाल्या. ओळखीची बाई विचारते तेव्हा सांगणारीला संकोच वाटत नाही. शिवाय विचारणारीला स्वतःला ओव्या येत असल्याने एक ओवी दुसरीला ओढून आणते. सुमारे वीस वर्षे चाललेल्या या कामातून एक हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या मिळून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून झाल्या. डोंगरी मुलखात सुरू झालेले हे काम पुढे मराठवाड्यापर्यंत पोहोचले.

१९९०च्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच अभियंते या कामात सहभागी झाले. फ्रान्सच्या राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन संस्थेत काम केलेल्या बेल यांचा विषय संगणकाच्या साहाय्याने संगीताचा अभ्यास हा होता. तत्पूर्वी १९८०च्या दशकात त्यांनी जेम्स किपेन या ब्रिटिश संगीत-अभ्यासकासमवेत लखनौच्या तबलावादनातील बोलांच्या रचनेचे नियम संगणकाला समजतील अशा रीतीने मांडण्याचा प्रयोग केला होता. म्हणजे तोंडी परंपरेने चालत आलेले ज्ञान यंत्रात नोंदविताना ते ज्ञान असणाऱ्या उस्तादालाच परीक्षक मानावे लागते, हा धडा त्यांनी तबल्यापाशी आधीच घेतलेला होता. ओव्यांच्या प्रकल्पात त्यांनी दोन कामे केली : हस्तलिखित ओव्यांसाठी संगणकीय आधारसामग्री उभारली आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले. १९९३ ते १९९८ या काळात युनेस्को आणि नेदरलँड्सचे विकाससहकार्य मंत्रालय यांसह काही परदेशी संस्थांचे आर्थिक साहाय्यही या कामास लाभले.

३. प्रत्येक विद्येचा प्रश्न

अशा सहकार्याचे वर्णन करताना ‘अनेकांच्या हातभाराने काम मोठे झाले’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. ते खरे असले तरी अपुरे आहे. काम मोठे झाले त्याहून महत्त्वाचे म्हणजे कामाचे स्वरूप बदलले. प्रत्येक व्यवसायाने आपला प्रश्न आणला आणि त्या प्रश्नाने इतरांच्या गृहीतांना धक्का दिला.

समाजशास्त्राचा प्रश्न ‘कोण’ हा होता. ओवी सांगणाऱ्या बाईचे नाव, गाव, तालुका आणि समाज नोंदविल्यामुळे, ओवी म्हणजे भक्ती आणि कुटुंबजिव्हाळा ही रूढ समजूत दुरुस्त करावी लागली. दलित वस्त्यांतील स्त्रियांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या ओव्यांचा मोठा समूह या संग्रहात आहे. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांच्या ओव्या यांपैकीच. ज्या चालीवर राम-सीतेच्या ओव्या म्हणावयाच्या त्याच चालीवर भीमरावांचे येणे, दीक्षा, बुद्ध यांच्या ओव्या म्हटल्या जातात. म्हणजे जात्यावरची ओवी १९५६ नंतरही घडत होती. ती गतकाळाचा ठेवा म्हणून थिजलेली नव्हती. सरस ओव्यांच्या निवडक संग्रहातून हे दिसण्याची शक्यता कमी होती. दया पवार यांच्या ‘बलुतं’चे फ्रेंच भाषांतर पॉयट्व्हँ यांनी केले व ते १९९० मध्ये प्रसिद्ध झाले, हेही येथे नमूद केले पाहिजे. दलित आत्मकथनाशी झालेल्या त्या परिचयाचा आणि संकलनातील ‘कोण’ या प्रश्नाचा संबंध उघड आहे.

वर्गीकरणाचे काम प्रामुख्याने हेमा राईरकर यांचे. एक लाख ओव्यांची मांडणी पूर्वीच्या दहा-बारा शीर्षकांत होणे शक्य नव्हते. विषय, उपविषय आणि त्यांचे पोटभेद यांना अक्षरांचे व अंकांचे संकेत देऊन एक विस्तृत रचना तयार करण्यात आली. एकट्या ‘आई आणि लेक’ या विषयात लेकीचे माहेरी येणे, आईचे तिला समजावणे, आईच्या निधनानंतरचे ओस माहेर असे किती तरी पदर आहेत, हे या रचनेमुळे लक्षात येते. सीता ही केवळ पुराणातील नायिका राहत नाही. ज्या बाईला घराबाहेर काढले गेले तिच्या बाजूने बोलण्याचे ते एक साधन ठरते. वर्गीकरण हे कारकुनी काम मानले जाते. परंतु येथे ते अर्थनिर्णयनाचे काम ठरले.

अभियंत्याचा प्रश्न वरकरणी साधा होता : एक ओवी म्हणजे काय? संगणकीय आधारसामग्रीत प्रत्येक नोंदीला स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो. दोन गावांतील दोन स्त्रियांनी म्हटलेल्या, एखाद्या शब्दाच्या फरकाच्या दोन ओव्या एकच समजावयाच्या की दोन? साहित्याचा संपादक त्यांतला एक पाठ निवडून दुसरा टीपेत टाकतो. या प्रकल्पात दोन्हींना स्वतंत्र क्रमांक मिळाले. त्यामुळे मूळ पाठ आणि भ्रष्ट पाठ ही भाषा गळून पडली. ओवी ही एक ठरीव रचना नसून, ठरावीक साच्यात नावे व शब्द बदलत पुनःपुन्हा घडणारी कृती आहे, हा लोकसाहित्यशास्त्रातील सिद्धान्त येथे प्रत्यक्ष पुराव्यानिशी तपासता येतो.

४. लिहिलेली ओवी आणि गायलेली ओवी

सहकार्याचे सर्वांत मोठे फळ ध्वनिमुद्रणाच्या वेळी दिसून आले. कागदावरील ओवी बहुधा दोन ओळींची असते. त्याच ओवीचे गायन ऐकले असता ती दोन ओळींत मावत नाही, असे आढळते. गाणारी स्त्री ओळीचा अर्धा भाग म्हणते, तो पुन्हा घेते, मधे ‘बाई’, ‘गं’, ‘बया’ यांसारखे शब्द घालते, कधी दुसऱ्या ओळीचे शेपूट पहिल्या ओळीला जोडते आणि मग पुढे सरते. तिच्या समोर जात्याला हात लावून बसलेली दुसरी बाई तिच्यामागून म्हणते किंवा मधेच उचल घेते. श्वास कुठे घ्यावयाचा हे जात्याच्या फेऱ्यावर अवलंबून असते. मूठभर धान्याचा घास जात्याच्या तोंडात टाकताना हात क्षणभर सुटतो, आणि गाण्यालाही तेथे जागा करून द्यावी लागते.

लिहून घेताना हे सर्व गाळले जाई. लिहिणाऱ्या स्त्रियाही स्वतः गाणाऱ्या होत्या; तरी लेखणी हाती आल्यावर त्याही पुनरुक्ती आणि भरीचे शब्द सोडूनच ओवी लिहीत. कारण त्यांच्या दृष्टीने ओवी ‘सांगणे’ आणि ओवी ‘गाणे’ या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. हा भेद साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात घ्यावा असा आहे. ओवीच्या छंदाची चर्चा करताना ग्रांथिक ओवी आणि गेय ओवी असा फरक मराठी छंदःशास्त्राने पूर्वीच केला आहे. परंतु गेय ओवीचा विचार करतानाही अभ्यासकासमोर बहुतेक वेळा छापलेली ओवीच असे. अक्षरसंख्या मोजली जाई ती सांगितलेल्या ओवीची; गायलेल्या ओवीतील अक्षरे त्याहून कितीतरी अधिक असतात आणि त्यांचे वजन चालीवर ठरते. ओवीचे चरण ‘अनियमित’ आहेत, हे विधान कागदापुरते खरे असू शकते. जात्यावर बसलेल्या बाईला ती अनियमितता जाणवत नाही. कमी पडणारी जागा भरून काढण्याचे साधन तिच्या गळ्यात असते.

हे उमगण्यासाठी तीन प्रकारच्या माणसांची एकाच वेळी आवश्यकता होती. आवाज स्वच्छ नोंदविणारा आणि तो वेळेच्या मोजमापाने मजकुराशी जोडणारा अभियंता. बोली समजणारा व विषय ओळखणारा संशोधक. आणि ‘असे नव्हे, असे म्हणायचे’ हे सांगण्याचा अधिकार असलेली गायिका. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा मुद्रित आवाज ऐकताना शब्दांच्या अर्थाइतकीच स्वरातील आर्तता श्रोत्याच्या मनात राहते. तो आवाज नोंदविला गेला नसता, तर त्यांच्या ओव्या संग्रहात असूनही त्यांचे गाणे मात्र हरवले असते.

ही नोंद वेळेवर झाली, हेही महत्त्वाचे आहे. विजेच्या व डिझेलच्या गिरण्या गावोगाव पोहोचल्या आणि पहाटेचे दळण थांबले. बायकांच्या खांद्यांवरचा एक मोठा भार उतरला, याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. जात्याचे गोडवे गाणाऱ्याने एकदा पहाटे चारला उठून पायलीभर जोंधळा दळून पाहावा. परंतु दळण थांबले तेव्हा गाण्याची वेळ आणि जागाही गेली. लेकीने आईमागे बसून ओवी शिकावयाची ती शाळाच बंद झाली. ध्वनिमुद्रणासाठी जाते पुन्हा मांडून बसलेल्या स्त्रिया बहुतांशी अखेरच्या पिढीतील होत्या.

५. टिकवण्याची जबाबदारी

संकलन झाले म्हणजे जतन झाले, असे नाही. पॉयट्व्हँ यांचे २००४ मध्ये आणि राईरकर यांचे २०१० मध्ये निधन झाले. हाती होते ते वह्या, फिती आणि जुन्या संगणकातील मजकूर. १९९०च्या दशकात देवनागरी मजकूर संगणकावर भरताना सर्वमान्य अशी संकेतप्रणाली प्रचारात नव्हती. ज्या त्या टंकसंचाचा संकेत वेगळा असे. ज्या टंकात मजकूर भरला तो टंक मागे पडला की पडद्यावर अक्षरांऐवजी निरर्थक खुणा दिसू लागत. त्या दशकात संगणकावर मराठी लिहिलेल्या अनेकांना हा अनुभव आलेला आहे. लाखभर ओव्यांचे असेच झाले असते. बेल यांनी तो मजकूर एका संकेतातून दुसऱ्या संकेतात आणण्याचे जिकिरीचे काम केले. प्रारंभी गुडगाव येथील संगीत-अभिलेखागारात ठेवलेली ही सामग्री पुढे फ्रान्समधील एक्साँ-प्रोव्हाँस येथील वाणी व भाषा यांच्या संग्रहालयात नेण्यात आली. सहकारी संशोधकांना दिलेला शब्द म्हणून बेल यांनी २०१५ मध्ये पुण्यात पुन्हा हे काम हाती घेतले. त्यानंतर ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ या ग्रामीण भारताविषयीच्या डिजिटल संग्रहाने हा ठेवा स्वीकारला आणि २०१७ पासून त्यातील ओव्या आवाज, मराठी पाठ आणि भाषांतर यांसह क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. संग्रहाच्या चमूने अनेक गावी पुन्हा जाऊन त्या गायिकांची किंवा त्यांच्या मुलाबाळांची भेट घेतली. वीस वर्षांपूर्वीचा आपला अथवा आपल्या आईचा आवाज त्यांना ऐकावयास मिळाला.

भाषांतरकाराचे काम या टप्प्यावर निर्णायक ठरले. ओवीतील ‘राघू’ हा मुलगा असतो आणि ‘मैना’ ही लेक. ‘चुडा’ म्हटले की पती हयात असल्याचा अर्थ त्यात येतो. ‘वैराळ’ म्हणजे दारी येणारा कासार. ‘सासुरवास’ या शब्दाला इंग्रजीत वा फ्रेंचमध्ये प्रतिशब्द नाही. भाषांतरासाठी हे अर्थ नोंदविताना मराठी वाचकालाही ते नव्याने कळतात, कारण शहरी मराठीतून यांतील कित्येक शब्द केव्हाच गेले आहेत. परक्या भाषेतील वाचकाचा प्रश्न येथे आपल्याच भाषेची उजळणी करावयास लावतो.

असे सहकार्य सर्वस्वी निर्दोष असते, असे म्हणता येणार नाही. आर्थिक साहाय्य परदेशातून येते तेव्हा कामाची मुदत आणि अहवालाची भाषाही तेथूनच ठरण्याचा धोका असतो. ओवी सांगणारीला तिच्या ओवीचे पुढे काय झाले, हे बहुधा कळत नाही. मराठी स्त्रियांचे आवाज काही काळ सुरक्षित राहिले ते फ्रान्समधील एका संग्रहालयात, ही वस्तुस्थिती कृतज्ञतेबरोबरच संकोचही उत्पन्न करणारी आहे. या प्रकल्पाचे वैशिष्ट्य असे की, त्याने हे प्रश्न टाळले नाहीत. गायिकेचे नाव ओवीपासून वेगळे न करणे आणि सामग्री सर्वांना खुली करणे, ही त्या प्रश्नांना दिलेली अंशतः का होईना, उत्तरे होत.

या संदर्भात आणखी एका अभ्यासकाचे स्मरण उचित ठरेल. जर्मनीच्या हायडलबर्ग विद्यापीठातील गुंथर सोन्थायमर यांचा आरंभीचा विषय हिंदू कायदा हा होता. एकत्र कुटुंबाच्या कायदेशीर स्वरूपावर त्यांचा ग्रंथ आहे. त्यांनी बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या दैवतांचा मागोवा घेत धनगरांच्या वाड्यांवर जाऊन त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी मुद्रित केलेल्या धनगरी ओव्यांपैकी दोन प्रदीर्घ आख्याने ॲन फेल्डहाऊस या अमेरिकन विदुषीने रामदास आटकर व राजाराम झगडे यांच्या सहकार्याने २०१४ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केली. नोंद करणारा जर्मन, पाठ सिद्ध करणारे मराठी, भाषांतर करणारी अमेरिकन, आणि गाणारे धनगर. येथेही एकाचे अपुरे राहिलेले काम दुसऱ्या देशातील, दुसऱ्या विद्येतील माणसाने पूर्ण केले. व्यवसाय वेगळे असल्याने प्रश्न वेगळे येतात. देश वेगळे असल्याने एका ठिकाणी खंडित झालेले काम दुसऱ्या ठिकाणी तग धरू शकते. सहकार्याचे मूल्य या दोन्ही गोष्टींत आहे.

६. समारोप

वरील विवेचनातून असे दिसते की, आंतरराष्ट्रीय व आंतरविद्याशाखीय सहकार्य म्हणजे निधीची सोय अथवा मनुष्यबळाची बेरीज नव्हे. ओव्यांच्या प्रकल्पात समाजशास्त्राने गायिकेची ओळख दिली, वर्गीकरणाने अर्थाचे पदर उलगडले, अभियांत्रिकीने आवाज व संकेत यांचे रक्षण केले आणि भाषांतराने शब्दांचे अर्थ पुन्हा तपासावयास लावले. यांतील प्रत्येकाला आपल्या विद्येतील एखादी सवय सोडावी लागली. संशोधकाला निवडीचा अधिकार, अभियंत्याला नोंदीच्या एकसारखेपणाचा आग्रह, आणि सर्वांनाच, गायिकेपेक्षा आपल्याला अधिक समजते हा भ्रम सोडावा लागला.

साहित्याच्या अभ्यासकांचे काम मात्र येथूनच सुरू होते. लाखभर ओव्या गायिका, गाव आणि विषय यांच्या नोंदींसह आज अभ्यासकांसमोर आहेत. गायलेल्या ओवीच्या छंदाची मीमांसा, एकाच साच्याची गावोगावची रूपे, बोलींचे भेद, आंबेडकरी ओव्यांचा आणि दलित साहित्याचा संबंध, असे अनेक विषय त्यांत अभ्यासाची वाट पाहत आहेत. हे अभ्यास मराठीत आणि मराठी विभागांतून व्हावयास हवेत. अन्यथा दुसऱ्यांनी जपून ठेवलेली आपलीच गाणी आपल्याला दुसऱ्यांच्या भाषेतील टीपांवरून वाचावी लागतील.

त्यासाठी घाई करण्यास एक कारण आहे. ध्वनिमुद्रण जपता येते. परंतु ‘हा शब्द असा का?’ असे विचारले असता उत्तर देऊ शकणारी बाई फार काळ मिळणार नाही. मुळशीच्या डोंगरात आणि परभणीच्या माळावर अशा काही वृद्ध स्त्रिया अद्याप आहेत. विद्यापीठातील विद्यार्थ्याने मुद्रित ओव्या घेऊन त्यांच्या ओसरीवर जाऊन बसणे, हे या सहकार्यातील उरलेले काम आहे.